ओवा केव्हा मागू नये? : पोटशूळाच्या निदानाचा इतिहास

‘ज्याच्या पोटात दुखेल तो ओवा मागेल’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. गरज ज्याची त्याने बोलावे, हा तिचा व्यवहारातला अर्थ. परंतु तिच्यात एक वैद्यकीय गृहीतही दडलेले आहे. पोटात दुखले म्हणजे ओवा पुरे, आणि ओव्याने थांबले नाही तर हिंग, हिंगाने थांबले नाही तर सोडा, असे ते गृहीत आहे. शंभरांतील बऱ्याच वेळा ते खरेही ठरते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. उरलेल्या वेळी ह्याच गृहीतापायी माणसे हकनाक दगावली आहेत. त्या उरलेल्या वेळा ओळखावयास मनुष्यजातीस किती काळ लागला, आणि कोणत्या चुकांतून ती हे शिकली, ह्याचा मागोवा आम्ही ह्या लेखात घेणार आहो. विषय डॉक्टरांचा असला तरी तो नागरिकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच की, निदानाचा पहिला तास रुग्णालयात जात नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात जातो.

प्रथम जागा नीट ओळखून घेऊ. बरगड्यांची कमान जेथे मधोमध मिळते, तेथून बेंबीपर्यंतचा जो भाग, त्यास आपण वरचे पोट म्हणू. तळहाताएवढी ही जागा, पण तिच्या आत दाटी मोठी. जठर, त्यास लागून ग्रहणी, उजवीकडे यकृत व पित्ताशय, पाठीमागे आडवे पडलेले स्वादुपिंड, त्याहून मागे कण्याला टेकून जाणारी महाधमनी, आणि वर श्वासपटलाच्या पातळ पडद्यापलीकडे प्रत्यक्ष हृदय. ह्यांपैकी कोणीही कुरकुरले तरी रोगी हात ठेवतो तो एकाच ठिकाणी, आणि शब्द वापरतो तोही एकच : ‘येथे दुखते.’ आपल्या भाषेनेही ह्या बाबतीत फारशी वाटणी केलेली नाही. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, मायेने आपण पोटाशी धरतो, दुसऱ्याचे बरे झाले की पोटशूळ उठतो. हृदयाची कामे मराठी माणसाने खुशाल पोटाकडे सोपविली आहेत. शरीरही तसेच करते, हे पुढे दिसेल.

आपल्या जुन्या वैद्यांनी ह्या दुखण्याचा विचार बारकाईने केला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शूलाचे प्रकार सांगताना कुक्षिशूल, पार्श्वशूल ह्यांच्याच पंक्तीस हृच्छूल बसविला आहे, आणि त्यात श्वास कोंडतो हेही नमूद केले आहे. सातव्या-आठव्या शतकातील माधवकराने आपल्या निदानग्रंथात परिणामशूल व अन्नद्रवशूल असे दोन निराळे प्रकार मानले. अन्न पचत असताना जो उठतो तो परिणामशूल. अन्न पचो वा न पचो, खाल्लेले असो वा नसो, जो राहतोच, तो अन्नद्रवशूल. हे वर्गीकरण आजच्या रोगांशी तंतोतंत जुळविण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही, कारण असल्या जुळवाजुळवीत अभिमान सुखावतो, पण ज्ञान वाढत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्या वैद्यांनी केवळ ‘कोठे दुखते’ एवढेच न विचारता ‘केव्हा दुखते’ हेही विचारले. दुखण्यास जशी जागा असते तसा काळही असतो, आणि जागा फसविते तेव्हा काळ खरे बोलतो, ही ओळख त्यांना होती.

सुश्रुताने ह्याच्याही पुढे पाऊल टाकले होते. आतडे फुटून त्यातील द्रव उदरात स्रवू लागतो त्या अवस्थेस त्याने परिस्रावी उदर म्हटले. पोट उघडून, आतडे बाहेर काढून, छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून डसवून धराव्या व मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावी, असा विधी त्याने लिहून ठेवला आहे. परंतु ही विद्या पुढे हातांतून निसटली. वैद्य पोटाला हात लावून, नाडी पाहून, जीभ पाहून अनुमान करीत राहिले. आत काय चालले आहे ते पाहण्याचा मार्ग कित्येक शतके बंदच राहिला. त्यामुळे पोटात एकाएकी कळ उठून माणूस दोनचार दिवसांत गेला तर त्याचे नाव ‘पोटशूळ’ एवढेच राहिले. युरोपातही ह्याहून निराळे नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत हे चित्र झपाट्याने पालटले. भूल देण्याची व जंतू मारण्याची विद्या हाती आल्यावर शल्यवैद्य पोट उघडण्यास धजावले. १८८० साली मिकुलिच ह्यांनी फुटलेले जठर शिवण्याचा प्रयत्न केला. तो रोगी वाचला नाही. १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख ह्यांनी खड्यांनी भरलेले पित्ताशय प्रथमच काढून टाकले. १८९२ साली हॉयस्नर ह्यांनी फुटलेले जठर शिवले आणि ह्या वेळी रोगी जगला. अमेरिकेत बॉस्टन येथील रेजिनाल्ड फिट्झ ह्यांनी १८८६ साली असे दाखवून दिले की, उजव्या कुशीतील ज्या सुजेला लोक आजवर नाना नावे देत आले, तिचे मूळ बहुधा आंत्रपुच्छात, म्हणजे अपेंडिक्समध्ये असते, आणि ते फुटण्यापूर्वी काढले तर माणूस वाचतो. त्याच फिट्झ ह्यांनी १८८९ साली स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे वर्णन केले, आणि ह्या रोगात घाईने चाकू चालविणे घातक ठरेल असा इशारा दिला.

ह्या दोन निबंधांत आमच्या विषयाचे सगळे मर्म आले आहे. जठर फुटले असेल तर तासातासाला मृत्यू जवळ येतो आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. स्वादुपिंड सुजले असेल तर बहुधा पोट उघडावयाचे नसते. शिरेतून भरपूर द्रव द्यावयाचा, वेदना शमवावयाची आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयाचे. दोहोंत दुखणे तेथेच, रोगी घामाघूम तसाच, उलटी तशीच. म्हणून रोगाची नावे कळली तरी निदानाचा प्रश्न सुटला नाही. उलट तो अधिक निकडीचा झाला, कारण आता चुकीला किंमत आली. पूर्वी नाव चुकले तरी फरक पडत नसे, उपाय दोहोंनाही नव्हता.

किंमत किती मोठी, हे इंग्लंडच्या राजवाड्यातही कळून चुकले. १९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ तारखेस ठरला होता. त्याच सुमारास राजाच्या पोटात दुखू लागले. समारंभ टळू नये म्हणून तो हट्टास पेटला होता. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज ह्यांनी आग्रह धरून २४ जूनला शस्त्रक्रिया केली, पू काढून टाकला, आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. ट्रीव्ह्ज ह्यांच्या आग्रहामागे एक दुःख होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी ह्याच रोगाने गेली होती. एवढा नाणावलेला शल्यवैद्य, पण घरातले दुखणे ओळखण्यास उशीर झाला. विद्येची उणीव तेथे नव्हती. घरच्या माणसाचे दुखणे साधेच असेल असे मनाला वाटत राहते, एवढेच त्याचे कारण असावे असे आम्हांस वाटते.

आता आपल्या प्रांतातील एका रात्रीकडे वळू. १९२२ च्या मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. १९२४ च्या जानेवारीत त्यांना पोटदुखीने गाठले आणि १२ जानेवारीस पुण्याच्या ससून रुग्णालयात आणण्यात आले. निदान झाले ते आंत्रपुच्छाच्या तीव्र दाहाचे. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा रोग उजव्या कुशीचा खरा, परंतु त्याचे दुखणे पुष्कळदा तेथे सुरू होत नाही. ते आरंभी बेंबीभोवती किंवा तिच्या वर, जठराच्या जागी उठते, मळमळ होते, आणि काही तासांनी खाली उजवीकडे उतरते. आंत्रपुच्छाच्या संवेदना वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूत बेंबीच्या पातळीवर शिरतात, म्हणून मेंदू प्रथम तेथलीच तक्रार समजतो. पुढे सूज पोटाच्या आतील अस्तराला भिडली म्हणजे खरी जागा कळते. त्या मधल्या तासांत किती घरांत ओवा दिला जातो ह्याची गणती नाही.

ससूनमधील पेच केवळ वैद्यकीय नव्हता. रोगी सरकारचा बंदी, शल्यवैद्य सरकारचा अधिकारी. गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ ह्या १९०९ च्या पुस्तकात डॉक्टरांवर व इस्पितळांवर कडक टीका केलेली. चाकूखाली काही बरेवाईट झाले असते तर देशात काय उसळले असते ते सांगावयास नको. मुंबईचे डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता ह्यांना बोलावण्याची खटपट झाली, पण ते वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. कर्नल मॅडॉक ह्यांना त्याच रात्री शस्त्रक्रिया करणे भाग दिसत होते. पुण्यातील श्रीनिवास शास्त्री व डॉ. फाटक ह्यांना बोलावून घेण्यात आले. कर्नल मॅडॉक ह्यांच्यावर आपला पूर्ण विश्वास असून त्यांनी विनाविलंब शस्त्रक्रिया करावी, अशा आशयाच्या पत्रावर गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली. आपल्या सुटकेसाठी चळवळ व्हावी असे आपणांस वाटत नाही, झालीच तर ती योग्य मार्गाने व्हावी, असे ते शास्त्रींजवळ बोलले. शस्त्रक्रिया चालू असता विजेचे दिवे गेले, परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची सुटका केली.

ह्या प्रसंगाचे राजकीय महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस त्यातले वैद्यकीय शहाणपण अधिक मोलाचे वाटते. त्या रात्री वाट पाहण्यास सबबी भरपूर होत्या आणि प्रत्येक सबब सभ्य होती : आपले डॉक्टर येऊ द्या, सकाळ होऊ द्या, उजेड होऊ द्या. ज्यांचा परस्परांवर राजकीय विश्वास नव्हता अशा दोन पक्षांनी त्या सर्व सबबी बाजूस सारल्या आणि घड्याळास मान दिला.

ह्याच सुमारास, १९२१ साली, लंडनचे शल्यवैद्य झॅकरी कोप ह्यांचे पोटाच्या तातडीच्या दुखण्यांवरील छोटे पुस्तक निघाले. पुढे पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ते वाचीत आले. धडधाकट माणसाच्या पोटात एकाएकी तीव्र दुखू लागले आणि ते सहा तास टिकले, तर त्याच्या मुळाशी बहुधा शल्यचिकित्सेचा रोग आहे असे धरून चालावे, हा त्यातला दंडक प्रसिद्ध आहे. निदान होण्यापूर्वी मॉर्फिया देऊ नये, असाही त्या काळचा कटाक्ष होता. मॉर्फिया अफूचेच सत्त्व. वेदना थांबली की रोगी व डॉक्टर दोघेही निर्धास्त होतात आणि आत नासाडी चालूच राहते, ही भीती त्यामागे होती. क्ष-किरण, रक्ततपासणी व ध्वनिलहरींचे यंत्र आल्यावर हा कटाक्ष शिथिल झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांवरून, योग्य मात्रेत वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही असे दिसून आले. आज तळमळणाऱ्या रोग्यास तसेच ठेवणे अनुचित मानतात. पण हे औषध तपासणाऱ्याच्या हातून, तपासणी चालू असताना द्यावयाचे असते. घरातल्या डब्यातून गोळ्यांमागून गोळ्या घेत रात्र काढणे ही त्याच जुन्या भीतीची जागा आहे.

हे झाले पोटातल्या पोटाचे. परंतु ज्याने सर्वांना अधिक काळ फसविले तो अपराधी पोटात राहतच नाही. १९१० साली कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव्ह व स्त्राझेस्को ह्या वैद्यांनी हृदयाच्या धमनीत गुठळी अडकलेल्या रोग्यांचे वर्णन केले, आणि त्यात दुखणे जठराच्या जागी जाणवणारा एक प्रकार स्वतंत्रपणे सांगितला. १९१२ साली अमेरिकेतील हेरिक ह्यांनी ह्या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर टेकलेली असते आणि पडद्याच्या पलीकडे जठर. दोहोंच्या संवेदना ज्या मार्गांनी मज्जारज्जूत जातात ते शेजारी-शेजारी व अंशतः सामाईक आहेत. म्हणून हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरू लागला असता रोगी म्हणतो, ‘पित्त झाले आहे, ढेकर आला की बरे वाटेल.’ वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही ह्यांच्यात असे अधिक घडते. छातीत कळ येतेच असे नाही. कधी केवळ मळमळ, घाम आणि उराखाली जडपणा, एवढेच असते.

हृदयातील विजेचे आलेखन करणारे यंत्र आइन्थोव्हेन ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले आणि त्यासाठी १९२४ साली, म्हणजे ससूनच्या त्याच वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्यास आपण ई.सी.जी. म्हणतो तो कागद म्हणजे पोटदुखीच्या निदानातली एक मोठी क्रांती आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. अशा संशयात रुग्णालयात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांच्या आत हा आलेख काढावा, असा आज दंडक आहे.

येथे एका गोड गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. आम्लनाशक औषध घेतले आणि बरे वाटले, म्हणून ते आम्लपित्तच होते, असे आपण समजतो. हे अनुमान पोकळ आहे. हृदयाचे दुखणेही काही वेळ आपोआप ओसरते, आणि श्रेय नुकत्याच घेतलेल्या सोड्यास मिळते. जठराच्या व्रणाविषयीही अशीच एक समजूत अनेक दशके टिकली होती. काळजी, तिखट व आम्ल ह्यांनीच तो होतो असे मानीत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल ह्यांनी त्यामागचा जंतू शोधून काढला, मार्शल ह्यांनी तो स्वतः पिऊन दाखविला, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. सवयीने दिलेले नाव किती काळ सत्याच्या जागी बसून राहते ह्याचा हा पुरावा होय.

तेव्हा आज तातडीच्या कक्षात कुशल डॉक्टर काय करतो? तो प्रथम ‘हा कोणता रोग?’ असे विचारीत नाही. ‘ह्यात थांबू न शकणारे काय असू शकेल?’ असे विचारतो. नाडी, रक्तदाब, श्वास पाहतो. हृदयाचा आलेख काढतो. पोटावर हात ठेवून ते फळीसारखे ताठ आहे काय हे पाहतो. तसे असेल तर उभ्याने क्ष-किरण चित्र घेतो, कारण फुटलेल्या जठरातील हवा श्वासपटलाखाली चंद्रकोरीसारखी दिसू शकते. प्रत्येक वेळी ती दिसेलच असे नाही, म्हणून संशय उरला तर सी.टी. चित्र काढतो. स्वादुपिंडाचे पाचक रस रक्तात वाढले आहेत काय ते पाहतो. १९२९ साली एल्मन ह्यांनी ही वाट दाखविली आणि पोट न उघडता ते निदान शक्य झाले. पित्ताशयातील खडे ध्वनिलहरींनी दिसतात. गर्भवतीस शेवटच्या महिन्यांत उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर रक्तदाब व यकृत तपासतो, कारण तेथे आई आणि मूल दोघांचा जीव टांगणीस लागलेला असू शकतो.

आमच्या नाशिक जिल्ह्यास आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. पावसाळ्यात जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटातल्या कळेने उठतो, ओकतो, अंगावर जखम दिसत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. हा मण्यारीचा दंश असू शकतो. तिचे दात बारीक, दंशाची खूण बहुधा दिसत नाही, आणि आरंभीचे लक्षण कित्येकदा पोटदुखी हेच असते.

साधने आता वाढली आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली आपल्या नाशकातच स्थापन झाले. तातडीचे वैद्यक ही पदव्युत्तर शिक्षणाची स्वतंत्र शाखा म्हणून देशात २००९ साली मान्य झाली. २०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तरीही सुरगाणा वा पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून घाट उतरून-चढून नाशकास येण्यास जो वेळ लागतो, तो कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. आणि शहरातील माणूस रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर असूनही ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणत तेवढाच वेळ घालवितो. एकास अंतर नडते, दुसऱ्यास सवय. शरीराच्या हिशेबी दोन्ही विलंब सारखेच.

ह्या इतिहासाचे सार आम्ही एवढेच काढतो की, दुखण्यास घाईने नाव देऊ नये आणि मदत मागण्यास उशीर करू नये. दुखणे केव्हा सुरू झाले ती वेळ लिहून ठेवावी. ते हलले काय, वाढले काय, पाठीत वा हातात गेले काय, घाम आला काय, ओकारीत रक्त वा शौचास डांबरासारखा काळा रंग दिसला काय, हे रोग्यास विचारावे व डॉक्टरांस जसेच्या तसे सांगावे. आपण लावलेले नाव सांगू नये. जेवणानंतर पोट जड झाले, वारा सरला, बरे वाटले, एवढ्यास ओवा जरूर घ्यावा. त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण दुखणे एकाएकी आणि जबर असेल, घाम वा घेरी आणणारे असेल, किंवा पहिल्यापेक्षा निराळे असे रोगी स्वतः म्हणत असेल, तर ओव्याचा डबा तसाच ठेवून १०८ ला हाक मारावी. रुग्णालयात गेल्यावर काही निघाले नाही तर हसे होईल, ह्या लाजेने कित्येक घरे उंबऱ्यातच अडतात. आलेख चांगला निघाला, पोट मऊ लागले, आणि डॉक्टरांनी घरी पाठविले, तर तो खर्च वाया गेला असे कोणीही समजू नये.